दोन फेऱ्यांचा ताळेबंद

पेढीच्या खतावणीत प्रत्येक रकमेला स्वतःचे खाते असते. रक्कम कोणाकडून आली आणि कोणाच्या नावे पडली हे एकदा नीट लिहिले, की वर्षअखेरीस दोन्ही बाजू जुळतात आणि मुनीम निश्चिंत मनाने वही मिटतो. माणसाच्या कर्तृत्वाची खतावणी इतकी सरळ लिहिता येत नाही. एकाने घातलेल्या भांडवलावर दुसऱ्याची भरभराट होते आणि जग भरभराट झालेल्याचेच नाव लक्षात ठेवते. ज्याने भांडवल घातले, त्याच्या नावापुढे नफा लिहावा की तोटा, हा प्रश्न मागे उरतो. भारताचे मध्यम पल्ल्याचे थोर धावपटू श्रीराम सिंह यांच्या कारकिर्दीचा विचार करताना हाच प्रश्न वारंवार समोर येतो.

आजच्या तरुण वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. ज्यांनी ऐकले आहे, त्यांना बहुधा एवढेच ठाऊक असते, की १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीत पहिल्या फेरीअखेर हा भारतीय सर्वांच्या पुढे होता आणि शेवटी सातवा आला. ही माहिती खरी आहे. पण ती रोजमेळातील एकच ओळ वाचून साऱ्या वर्षाचा नफा-तोटा ठरवण्यासारखी आहे. हिशोब पुरा पाहावयाचा असेल, तर वही पहिल्या पानापासून उघडली पाहिजे. ते पहिले पान थायलंडची राजधानी बँकॉक येथे लिहिले गेले आणि आठ वर्षांनी एक महत्त्वाचे पानही तेथेच लिहिले गेले.

श्रीराम सिंह यांचा जन्म १९४८ सालचा, राजस्थानातील. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास ते भारतीय सेनेच्या राजपुताना रायफल्समध्ये दाखल झाले. त्या काळी खेड्यातील काटक, चपळ मुलाला धावपटू होण्याची वाट सापडे ती बहुतेक वेळा सैन्यातच. तेथे दोन वेळचे पुरेसे अन्न मिळे, अंगात शिस्त मुरे आणि पलटणीपलटणींमधील स्पर्धांमधून गुण हेरले जात. श्रीराम सिंह यांना तेथे याहून मोठी गोष्ट मिळाली. मोहम्मद इलियास बाबर नावाचे प्रशिक्षक त्यांना भेटले. लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे ओढा असलेल्या या तरुणात वेगाचे भांडवलही आहे, हे बाबर यांनी ओळखले आणि त्याला चारशे व आठशे मीटरकडे वळवले. कोणत्या मालाला कोणता बाजार योग्य, हे ओळखणे म्हणजे अर्धा व्यापार. बाबर यांची ही पारख पुढे अनेकदा सिद्ध झाली आणि १९९४ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्काराने गौरवण्यात आले.

आठशे मीटर ही शर्यत समजून घेतल्याशिवाय या माणसाचे मोल कळणार नाही. चारशे मीटरच्या धावपट्टीला दोन फेऱ्या, एवढेच तिचे वरवरचे स्वरूप. शंभर मीटर धावणारा आपली सारी शक्ती दहा-अकरा सेकंदांत उधळून मोकळा होतो. मॅरेथॉन धावणारा तीच शक्ती पै-पै करून दोन तासांहून अधिक काळ पुरवतो. आठशे मीटर धावणाऱ्याला यांपैकी कोणतीच सोय नसते. त्याला वेग जवळजवळ पहिल्या प्रकारचा ठेवावा लागतो आणि काटकसर दुसऱ्या प्रकारची करावी लागते. श्वासातून मिळणारा प्राणवायू त्या वेगाला पुरा पडत नाही, म्हणून शरीर उधारीवर शक्ती उचलते; आणि या उधारीची वसुली शर्यत संपण्याची वाट पाहत नाही. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मांड्या भरून येतात, खांदे आखडतात, पावले लहान होऊ लागतात. पहिल्या फेरीत उधळेपणा करणारा येथे दिवाळे काढतो. ज्याने फार राखून ठेवले, तो शक्ती शिल्लक असतानाच शर्यत हरतो. खर्च कधी आणि किती करावयाचा, याचा निर्णय पावणेदोन मिनिटांत, धावता धावता, आठ जणांच्या धक्काबुक्कीत घ्यावा लागतो.

या शर्यतीत भारताची पत तेव्हा आशियात चांगली होती. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत रणजित सिंग यांनी आणि १९५४ साली मनिला येथे सोहन सिंग यांनी आठशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले होते. १९६६ साली बँकॉक येथेच आसामच्या भोगेश्वर बरुआ यांनी ते पुन्हा भारताकडे आणले. चार वर्षांनी, १९७० च्या डिसेंबरात, आशियाई स्पर्धा पुन्हा बँकॉकलाच भरली. यजमानपद मूळचे सेऊलकडे होते. दक्षिण कोरियाने ते सोडल्यावर थायलंडने भार उचलला. त्या स्पर्धेत कमलजित संधू यांनी चारशे मीटरमध्ये सुवर्ण जिंकून इतिहास घडवला. बाविशीतल्या श्रीराम सिंह यांनी आठशे मीटरमध्ये रौप्य मिळवले. सुवर्ण ब्रह्मदेशाच्या जिमी क्रॅम्प्टन यांनी नेले. मोठ्या स्पर्धेच्या मंचावर त्यांचे नाव नोंदले गेले ते हे पहिले.

दोन वर्षांनी आलेले म्युनिक ऑलिम्पिक त्यांच्यासाठी शिकण्याचे ठरले. प्राथमिक फेरीच्या पुढे त्यांना जाता आले नाही. मात्र त्याच ऑलिम्पिकमध्ये आठशे मीटरची एक अशी अंतिम शर्यत झाली, की तिची आठवण या हिशोबात पुढे उपयोगी पडणार आहे. अमेरिकेचे डेव्ह वॉटल डोक्यावर टोपी घालून धावले. पहिली फेरी संपली तेव्हा ते सर्वांच्या मागे होते. शेवटच्या वळणानंतर एकेकाला मागे टाकत त्यांनी शेवटच्या पावलांवर सुवर्णपदक घेतले. त्यांची वेळ होती १ मिनिट ४५.८६ सेकंद. राखून ठेवा आणि शेवटी खर्च करा, या पद्धतीचा तो आदर्श नमुना मानला जातो.

म्युनिकनंतरची चार वर्षे श्रीराम सिंह यांच्या भरभराटीची होती. १९७३ मध्ये मनिला येथे आणि १९७५ मध्ये सेऊल येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत आठशे मीटरचे सुवर्णपदक त्यांचेच होते. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेतही त्यांनी सुवर्ण जिंकले; शिवाय चार गुणिले चारशे मीटर रिले संघातून रौप्यही मिळवले. १९७३ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि १९७४ मध्ये पद्मश्री, असे सन्मान लागोपाठ आले. आशियात आता त्यांच्या बरोबरीने धावणारा कोणी राहिला नव्हता. पण ज्या बाजारात आपणच सर्वांत मोठे, तेथे आपले खरे मोल कळत नाही. ते कळण्यासाठी माँट्रियलला जावे लागले.

माँट्रियलचे ऑलिम्पिक सुरू झाले तेच एका मोठ्या गैरहजेरीने. न्यूझीलंडच्या रग्बी संघाने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला होता. तरीही न्यूझीलंडला ऑलिम्पिकमध्ये स्थान दिल्याच्या निषेधार्थ वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी बहिष्कार घातला. म्युनिकचे कांस्यपदक विजेते, केनियाचे माइक बॉइट, त्यामुळे आठशे मीटरमध्ये धावू शकले नाहीत. तरीही राहिलेले प्रतिस्पर्धी सामान्य नव्हते. अमेरिकेचे अनुभवी रिक वोलहूटर होते, बेल्जियमचे तरुण इव्हो व्हॅन डॅम होते, ब्रिटनचे स्टीव्ह ओव्हेट होते. आणि क्युबाचे आल्बेर्तो हुआंतोरेना होते. उंचेपुरे, लांब ढांगेचे हुआंतोरेना मूळचे चारशे मीटरचे धावपटू. आठशे मीटरला ते नवखे समजले जात. त्यांच्या देशातील लोक त्यांना कौतुकाने ‘घोडा’ म्हणत.

पहिल्याच फेरीत श्रीराम सिंह १ मिनिट ४५.८६ सेकंदांत धावले. आशियातील कोणत्याही धावपटूने तोपर्यंत नोंदवलेली ही सर्वोत्तम वेळ होती. योगायोग असा, की चार वर्षांपूर्वी म्युनिकमध्ये वॉटल यांनी सुवर्णपदक जिंकले ते नेमक्या याच वेळेत. उपांत्य फेरी पार करून श्रीराम सिंह अंतिम आठांत आले. ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर अंतिम शर्यत गाठणारे भारतीय तोवर फारच थोडे होते: १९६० मध्ये रोम येथे चौथे आलेले मिल्खा सिंग, १९६४ मध्ये टोकियो येथे अडथळ्यांच्या शर्यतीत पाचवे आलेले गुरबचन सिंग रंधावा, आणि आता हे.

अंतिम शर्यत २५ जुलै १९७६ रोजी झाली. श्रीराम सिंह यांनी आघाडी घेतली आणि वेग चढा ठेवला. पहिली फेरी संपल्याची घंटा वाजली, तेव्हा ते सर्वांच्या पुढे होते, घड्याळ ५०.८५ सेकंद दाखवत होते. हुआंतोरेना त्यांना लागूनच होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी पुढाकार घेतला, आणि त्यानंतर त्यांना कोणी गाठू शकले नाही. वोलहूटर यांनी प्रयत्न करून पाहिला. शेवटच्या टप्प्यात व्हॅन डॅम यांनी वोलहूटर यांनाही मागे टाकले. हुआंतोरेना १ मिनिट ४३.५० सेकंदांत पोहोचले. इटलीच्या मार्चेल्लो फियास्कोनारो यांचा १९७३ सालचा १ मिनिट ४३.७ सेकंदांचा जागतिक विक्रम मोडला होता. व्हॅन डॅम १:४३.८६, वोलहूटर १:४४.१२. चौथे पश्चिम जर्मनीचे विली व्युलबेक, पाचवे ओव्हेट, सहावे युगोस्लाव्हियाचे सुशान्य. सातवे श्रीराम सिंह, वेळ १:४५.७७. काही दिवसांनी हुआंतोरेना यांनी चारशे मीटरही जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकण्याचा पराक्रम अन्य कोणा पुरुषाला साधलेला नाही. आठशे मीटरच्या विक्रमामागे श्रीराम सिंह यांनी ठेवलेल्या वेगाचा वाटा होता, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

येथून दोन प्रकारच्या कथा सांगितल्या जाऊ लागल्या. एक अशी, की आपला माणूस वेडेपणाने सुसाट सुटला आणि दम संपून मागे पडला. दुसरी अशी, की त्याने दुसऱ्यासाठी त्याग केला. स्वतः झिजला आणि क्युबाच्या माणसाला विक्रम मिळवून दिला. पहिल्या कथेत कीव आहे, दुसरीत कौतुक आहे. पण दोन्ही कथा आकड्यांना विचारून लिहिलेल्या नाहीत. आकडे वेगळी साक्ष देतात.

श्रीराम सिंह यांची पहिली फेरी ५०.८५ सेकंदांची आणि दुसरी ५४.९२ सेकंदांची. दोन्हींत चार सेकंदांचा फरक आहे आणि तो मोठा आहे, हे खरे. हुआंतोरेना यांची दुसरी फेरी त्रेपन्न सेकंदांच्या आत झाली. पण बेरीज पाहावी. १:४५.७७ ही श्रीराम सिंह यांच्या आयुष्यातील सर्वोत्तम वेळ होती. प्राथमिक फेरीत त्यांनीच केलेला आशियाई विक्रम त्यांनी ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत आणखी सुधारला. ज्याच्या वहीत वर्षाचा सर्वांत मोठा नफा त्याच दिवशी पडला आहे, त्याने त्या दिवशी दिवाळे काढले असे कसे म्हणता येईल? आणि त्याने केवळ दुसऱ्यासाठी धाव घेतली असेही म्हणता येत नाही, कारण त्या चढ्या वेगाचा लाभ त्याच्या स्वतःच्या खात्यावरही जमा झाला. तो व्यवहार दोघांनाही पावला. एकाच्या वाट्याला अधिक आले, दुसऱ्याच्या वाट्याला कमी, इतकेच.

मग सातवा क्रमांक कशाने आला? तो आला तो त्या दिवशीचा भाव फार चढा होता म्हणून. सुशान्य त्यांच्यापुढे होते ते दोन शतांश सेकंदांनी, म्हणजे वीतभरही नव्हे इतक्या अंतराने. कांस्यपदक बारा-तेरा मीटर पुढे होते. चार वर्षांपूर्वीच्या म्युनिकच्या सुवर्णपदकाची वेळ त्यांनी नऊ शतांश सेकंदांनी मागे टाकली होती. चार वर्षांनंतरच्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये ओव्हेट यांनी सुवर्ण जिंकले ते १:४५.४० वेळेत आणि सेबॅस्टियन को यांना रौप्य मिळाले ते १:४५.८५ वेळेत. कागदावर पाहिले, तर श्रीराम सिंह यांची माँट्रियलची धाव म्युनिकमध्ये पहिली आणि मॉस्कोत दुसरी ठरली असती. अर्थात जुन्या बाजारभावाने आजचा माल विकला जात नाही, आणि हे धावपट्टीवरही खरे आहे. म्युनिक आणि मॉस्कोच्या शर्यती डावपेचांच्या होत्या, वेगाच्या नव्हत्या; तेथे वेग वाढला असता तर सर्वांच्याच वेळा बदलल्या असत्या. पण या तुलनेतून एक गोष्ट निश्चित दिसते. माँट्रियलची शर्यत इतकी वेगवान झाली याचे एक मोठे कारण सातव्या क्रमांकावरचा माणूस होता.

समोरून चढा वेग ठेवला की मागचेही आपल्या नेहमीच्या मर्यादेबाहेर येतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण छत्तीस वर्षांनी लंडनला दिसले. २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये केनियाचे डेव्हिड रुडिशा आरंभापासून शेवटपर्यंत पुढे राहून १:४०.९१ या जागतिक विक्रमी वेळेत धावले. त्या शर्यतीत आठवा, म्हणजे शेवटचा धावपटू, १:४३.७७ वेळेत पोहोचला. पेठेत एका दुकानदाराने मालाचा दर्जा वाढवला की शेजारच्यांनाही तो वाढवावा लागतो आणि साऱ्या पेठेचेच नाव होते, तसे हे घडले. रुडिशा यांच्या अंगी ते ओझे शेवटपर्यंत वाहण्याचे बळ होते. श्रीराम सिंह यांच्या अंगी ते अर्ध्याहून थोड्या अधिक अंतरापुरते होते. तरीही त्यांनी ते उचलले.

भारतात मात्र या शर्यतीची दखल पदकाच्या मापाने घेतली गेली. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताला एकही पदक मिळाले नाही. हॉकी संघ सातवा आला. हॉकीत ऑलिम्पिक पदकाविना परतण्याची ती पहिलीच वेळ होती. देशाचा सारा विषाद हॉकीकडे वळला. मॅरेथॉनमध्ये शिवनाथ सिंग अकरावे आले होते आणि आठशे मीटरमध्ये श्रीराम सिंह सातवे. या दोन्ही धावा त्या विषादात झाकून गेल्या.

पण श्रीराम सिंह यांनी वही मिटली नव्हती. डिसेंबर १९७८ मध्ये आशियाई स्पर्धा तिसऱ्यांदा बँकॉकला भरली. या वेळीही थायलंडचे शहर दुसऱ्याच्या जागी उभे राहिले होते. आधी सिंगापूरने आणि मग पाकिस्तानने यजमानपद सोडले. अन्य आशियाई देशांच्या साहाय्याने बँकॉकने ते पेलले. नड पडली की जामीन राहणारा एखादा विश्वासू आडतदार असतो, तसे या शहराचे आशियाई क्रीडाविश्वात स्थान होते. तेथे तिशीला आलेल्या श्रीराम सिंह यांनी आठशे मीटरचे सुवर्णपदक पुन्हा जिंकले. वेळ माँट्रियलपेक्षा सुमारे तीन सेकंदांनी संथ होती. पण आठ वर्षांपूर्वी ज्या शहरात रौप्यावर समाधान मानावे लागले, तेथेच ते आता पहिले होते. रिले संघातून त्यांना रौप्यही मिळाले. त्याच स्पर्धेत महिलांची आठशे मीटर गीता जुत्शी यांनी जिंकली आणि त्यांचेही प्रशिक्षक इलियास बाबर हेच होते. एका गुरूच्या हाताखालून एकाच स्पर्धेत एकाच अंतराची दोन्ही सुवर्णपदके आली. चार वर्षांनी दिल्लीत बाबर यांच्याच आणखी एका शिष्याने, चार्ल्स बोरोमिओ यांनी, पुरुषांच्या आठशे मीटरचे सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धांत लागोपाठ तीन वेळा हे पदक एकाच प्रशिक्षकाच्या घराण्यात राहिले.

१९८० मध्ये श्रीराम सिंह आपल्या तिसऱ्या ऑलिम्पिकसाठी मॉस्कोला गेले, पण अंतिम फेरी गाठता आली नाही. वय आपला वाटा मागत होते. आशियाई स्पर्धांतील वैयक्तिक दोन सुवर्ण व एक रौप्य आणि एका ऑलिम्पिकची अंतिम शर्यत, एवढी जमा मागे ठेवून त्यांची कारकीर्द संपत आली.

या ताळेबंदातील सर्वांत विचार करावयास लावणारी नोंद त्यांनी स्वतः केलेली नाही; ती पुढच्या काळाने केली. हुआंतोरेना यांचा माँट्रियलचा जागतिक विक्रम जेमतेम तेरा महिने टिकला; १९७७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच तो १:४३.४४ असा सुधारला. त्यानंतर १९७९ मध्ये को आले, १९८१ मध्ये त्यांनीच आपला विक्रम मागे टाकला, पुढे आणखी नावे आली. जगाचा व्यवहार वाढत गेला. श्रीराम सिंह यांचा आशियाई विक्रम अठरा वर्षे राहिला. १९९४ साली दक्षिण कोरियाच्या ली जिन-इल यांनी तो मोडला. आणि भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून ती १:४५.७७ ही वेळ बेचाळीस वर्षे तशीच राहिली. जून २०१८ मध्ये गुवाहाटी येथे केरळचे जिन्सन जॉन्सन १:४५.६५ वेळेत धावले, तेव्हा कुठे ती मागे पडली. त्याच वर्षी जकार्ता येथे मनजीत सिंग यांनी आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणि जॉन्सन यांनी रौप्य जिंकले. बोरोमिओ यांच्यानंतर या शर्यतीचे सुवर्ण भारताला मिळण्यास छत्तीस वर्षे लागली होती.

बेचाळीस वर्षांत सुधारणा झाली ती बारा शतांश सेकंदांची. त्या वेगाने धावणारा एवढ्या वेळात एक मीटरही अंतर तोडत नाही. म्हणजे धावपटूचे अर्धे पाऊल. भारताला हे अर्धे पाऊल पुढे टाकावयास बेचाळीस वर्षे लागली. आपण सहसा असा दीर्घायुषी विक्रम पाहिला की ज्याने तो केला त्याची स्तुती करून थांबतो. स्तुती योग्यच आहे. पण एखाद्या पेढीत आजोबांनी ठेवलेले मुद्दल नातवाच्या काळापर्यंत तेवढेच राहिले, त्यात भरही पडली नाही आणि व्याजही वाढले नाही, तर आजोबांची थोरवी सांगून मधल्या पिढीला सुटता येत नाही. श्रीराम सिंह घडले तेव्हा देशात कृत्रिम धावपट्ट्या नव्हत्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेबरोबर त्या येऊ लागल्या. बाबर यांच्यासारखा पारखी प्रशिक्षक लाभणे हे तेव्हा दैवाधीन होते. पुढे धावपट्ट्या आल्या, शिबिरे आली, परदेशी प्रशिक्षक आले. तरीही देशांतर्गत शर्यतींत एक उणीव दीर्घकाळ जाणवत राहिली. पुढे राहून वेग ठेवणारा कोणी नसे. पदकासाठी सारे एकमेकांकडे पाहत धावत आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये निकाल लावत. पदक मिळे, वेळ सुधारत नसे. पहिल्या फेरीत भांडवल घालण्यास कोणी तयार नसेल, तर दुसऱ्या फेरीअखेर साऱ्यांचाच नफा कमी होतो.

म्हणूनच माँट्रियलच्या त्या ५०.८५ सेकंदांचे मोल सातव्या क्रमांकावरून ठरवणे उचित नाही. व्यापारी घराण्यांना हे सांगण्याची फारशी गरज नसावी. जवळपास प्रत्येक जुन्या पेढीच्या इतिहासात असा एखादा पूर्वज असतो, ज्याने अनोळखी गावात प्रथम दुकान मांडले, वाट पाडली, गिऱ्हाइकाला विश्वास दिला. त्याच वाटेने मागून आलेले शेजारी आणि आप्त त्याच्याहून कितीतरी पुढे गेले. त्याच्या स्वतःच्या वहीत फार मोठी शिल्लक दिसत नाही. तरी गावची जुनी माणसे बाजाराची आठवण काढताना त्याच्यापासून सुरुवात करतात.

श्रीराम सिंह यांच्या खात्यावर आशियातील पदके आहेत, अठरा वर्षांचा एक विक्रम आहे, बेचाळीस वर्षांचा दुसरा आहे. आणि एक नोंद अशी आहे, की तिची रक्कम दुसऱ्याच्या नावे जमा झाली, ती ज्याच्या नावे जमा झाली त्याने ते कबूलही केले, आणि तरी देणाऱ्याचे मुद्दल त्यामुळे कमी झाले नाही. खतावणीत असा व्यवहार क्वचित आढळतो. आढळला, तर तो लाल शाईने लिहिण्याचे कारण नाही.